थांगका अस्सल, चिठ्ठी मात्र चुकीची

ठाण्याच्या नौपाड्यात, राममारुती रोडच्या आतल्या गल्लीत नेपाळी-तिबेटी वस्तूंचं एक छोटं दुकान आहे. तिथून मी ९,५०० रुपयांना हाताने रंगवलेला थांगका, म्हणजे कापडावरचं तिबेटी बौद्ध चित्र, घेतला. आई दुखण्यातून उठली होती, तिच्या खोलीत लावायला भैषज्यगुरू, म्हणजे आजार बरे करणारा बुद्ध, हवा होता. चिठ्ठीवर ‘मेडिसिन बुद्धा’ लिहिलेलं, रंगही निळा. मी घेऊन आले.

आईने चष्मा लावला आणि म्हणाली, "अगं, ह्याच्या अंगावर चीवर कुठाय?"

खरंच नव्हतं. भैषज्यगुरू निळाच, पण भिक्खूच्या वेशातला, डाव्या हातात पात्र आणि उजव्या हातात हिरडा. ह्याच्या डोक्यावर मुकुट, अंगभर दागिने. छातीशी हात एकमेकांवरून गेलेले, उजव्यात वज्र, डाव्यात घंटा. हा वज्रधर! तिबेटी बौद्ध धर्मातल्या काग्यू, साक्य, गेलुग परंपरांचा आदिबुद्ध. न्यिंगमा परंपरेत ती जागा समंतभद्राची. तोही निळा, पण अंगावर वस्त्र नाही की दागिना नाही. आदिबुद्ध म्हणजे जग घडवणारा देव नव्हे. जी जाणीव कधी झाकलीच गेली नाही, जिला सुरुवात नाही, तिला दिलेलं हे रूप. वज्र म्हणजे करुणा, घंटा म्हणजे प्रज्ञा, आणि दोन्ही एकत्र.

थेरवादात, म्हणजे श्रीलंका-म्यानमारकडच्या बौद्ध परंपरेत, असा आदिबुद्ध नाही. आमच्या घरी तर १४ ऑक्टोबर १९५६ पासूनचा धम्म. आमचा बुद्ध शुद्धोदन-महामायेच्या पोटी जन्मलेला माणूस, मार्ग दाखवणारा. म्हणून चिठ्ठी बरोबर असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

काम मात्र अप्रतिम. भिंगातून पाहिलं तर छपाईचे ठिपके कुठेच नाहीत. ट्यूबलाइट तिरकी पडली की सोन्याच्या रेघा किंचित उठलेल्या दिसतात. मागच्या बाजूला कपाळ, कंठ आणि हृदयाच्या बरोबर मागे लाल अक्षरांत ओं, आः, हूं. जरीच्या किनारीची शिलाई तेवढी एका कोपऱ्यात उसवलीय.

शनिवारी परत गेले. दुकानदार काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यासमोर चिठ्ठी बदलली, पण थांगका बदलून द्यायला तयार झाले नाहीत. त्याचा एक स्टार कापलाय, पाचपैकी चार.

वज्रधर आता माझ्या टेबलावर, आतल्या भिंतीला आहे. बाहेरच्या भिंतीला लावू नका, आपल्याकडच्या पावसात कापडाला बुरशी धरते. आईची वंदना तिच्या जुन्या बुद्धमूर्तीपुढेच चालते. तुम्ही गेलात तर गुंडाळी पूर्ण उघडायला सांगा आणि आधी हात बघा.