क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ची अँटिबॉडी: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचं ठरवून होणारं मरण, दाखवायचा असेल आणि एकाच अँटिबॉडीची सोय असेल, तर क्लीव्ह्ड, म्हणजे कापल्या गेलेल्या, कॅस्पेज-३ची घ्या, अख्खं प्रोटीनही धरणारी 'टोटल'ची नको. कॅस्पेज-३ म्हणजे अपॉप्टोसिसमध्ये इतर प्रोटीन कापणारं एन्झाइम. माझी सशाची आहे. एएसपी-१७५ (प्रोटीनच्या साखळीतलं १७५वं अमिनो आम्ल) या जागी कापलेला तुकडा तेवढा धरते, अख्ख्या प्रोटीनकडे ढुंकूनही बघत नाही. हेला आणि जुरकॅट या माणसाच्या पेशींच्या लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या द्रावणावर) ती काही महिने सतत वापरात आहे. तिच्याबद्दल तक्रार जवळपास नाही. तिच्यापर्यंत नमुना पोचण्याआधी जे होतं, त्याबद्दल मात्र बोलायला हवं.

टोटलची अडचण अशी की कॅस्पेज-३ निरोगी पेशीतही निष्क्रिय रूपात पडून असतोच, साधारण ३५ किलोडाल्टनचा. पेशीला मरणाचा हुकूम सुटला की तो कापला जातो. आता शंभरातल्या दहाच पेशी मरत असतील, तर ३५चा बँड कितीसा फिका होणार? त्यावर प्रयोगशाळेत नुसते वाद झडतात. क्लीव्ह्डच्या ब्लॉटवर वादाला जागा उरत नाही. औषध न दिलेली लेन कोरी, आणि १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिनमध्ये (अपॉप्टोसिस घडवणाऱ्या औषधात) चार-पाच तास ठेवलेल्या पेशींच्या लेनमध्ये १७ आणि १९ला चिकटून बसलेले दोन बँड. कधी दोन्ही ठसठशीत, कधी १९चा जास्त गडद. १९चा तुकडा पुढे आणखी छाटला जाऊन १७चा होतो, त्यामुळे वरचा गडद दिसला म्हणून घाबरू नका.

पण १७ किलोडाल्टन म्हणजे फारच छोटा जीव. १० टक्क्यांच्या जेलवर तो डायच्या पाठोपाठ धावतो आणि बघता बघता बाहेर पडतो. १५ टक्के जेल किंवा ४-२०चं ग्रेडियंट घ्या. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचंच हवं, ०.४५च्या छिद्रांतून असले तुकडे आरपार जाऊ शकतात. मोठ्या प्रोटीनसाठी रात्रभर ट्रान्सफर लावायची सवय असेल तर इथे ती मोडा.

याहून महत्त्वाचं म्हणजे तरंगत्या पेशी. मरू लागलेली पेशी तळाची पकड सोडते आणि मीडियात तरंगू लागते. मीडिया ओतून द्यायचा, पीबीएसने (खारट बफरने) धुवायचं आणि मग खरवडायचं, ही सर्वसाधारण रीत इथे घातक ठरते. नेमक्या ज्या पेशींत सिग्नल आहे, त्याच सिंकमध्ये जातात. मीडिया, धुतलेलं पीबीएस आणि खरवडलेल्या पेशी असं सगळं एकाच ट्यूबमध्ये फिरवून घ्या. 'औषधाचा परिणाम होत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी आधी हाच प्रश्न विचारते.

जोडीला प्लेटवरचा ल्युमिनेसन्सचा किटही वापरला. त्यात डीईव्हीडी हा चार अमिनो आम्लांचा तुकडा कापला गेला की ल्युसिफरेझला खाद्य मिळतं आणि उजेड पडतो. पटकन होतो, पेशी धुवाव्या लागत नाहीत, तरंगत्याही आपोआप मोजल्या जातात. डोसची मोठी मालिका चाळायला उत्तम. फक्त डीईव्हीडी कॅस्पेज-७सुद्धा कापतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. आमच्याकडे एकाने एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी आणल्या. प्लेट छान उजळली, ब्लॉट मात्र कोरा, आणि खापर अँटिबॉडीवर फुटलं. वास्तविक एमसीएफ-७मध्ये कॅस्पेज-३च्या जनुकातल्या ४७ बेस गळालेल्या आहेत, हे १९९८पासून छापलेलं आहे. प्रोटीनच बनत नाही तर अँटिबॉडी धरणार काय! तिथे पीएआरपीचा (कॅस्पेज कापतात अशा आणखी एका प्रोटीनचा) ब्लॉट लावला आणि ११६चं ८९ झालेलं स्वच्छ दिसलं, कारण ते काम कॅस्पेज-७ उरकतो. तेव्हापासून पीएआरपी माझ्या प्रत्येक मेम्ब्रेनच्या वरच्या अर्ध्या भागावर असतोच. मेम्ब्रेन मधोमध कापलं की दोन्ही एकाच नमुन्यातून निघतात.

साठवणुकीबद्दल थोडं. पातळ केलेली प्रायमरी (प्रोटीनला थेट धरणारी ही अँटिबॉडी) मी जंतू रोखणारं अझाइड घालून फ्रीजमध्ये ठेवते आणि पुन्हा वापरते. पार्श्वभूमी करडी होऊ लागली की टाकून देते. एचआरपी हे एन्झाइम लावलेल्या सेकंडरीत (प्रायमरीला धरून सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीत) अझाइड अजिबात घालू नका, ते एन्झाइमच बंद पाडतं.

आता तिची हद्द. पेशी मरताहेत, पण ही अँटिबॉडी गप्प आहे आणि झेडव्हीएडी देऊन कॅस्पेज अडवले तरी मरण थांबत नाही, असं दिसलं तर नेक्रोप्टोसिसचा, म्हणजे कॅस्पेजशिवाय ठरवून होणाऱ्या मरणाचा, संशय घ्या. त्यासाठी फॉस्फो-एमएलकेएलची (नेक्रोप्टोसिसमध्ये फॉस्फेट लागून सक्रिय होणाऱ्या प्रोटीनची) वेगळी अँटिबॉडी लागते. ती आता मागवली आहे. हेलावर ती लावण्यात अर्थ नाही, त्यांच्यात नेक्रोप्टोसिसला लागणारा आरआयपीके-३ जवळपास नसतोच. त्यामुळे पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एचटी-२९ पेशी घेणार आहे, टीएनएफ, स्मॅक मिमेटिक आणि झेडव्हीएडी एकत्र देऊन, म्हणजे त्यांच्यात नेक्रोप्टोसिस सुरू होईल.