जुन्या घराला जोडलेली खोली : एका पावसाळ्यानंतर

रत्नागिरीजवळच्या आमच्या चिरेबंदी घराला मागील बाजूने एक खोली आणि पडवी जोडली, त्याला आता नऊ महिने होत आले. जुने काही न पाडता, स्लॅब न टाकता, जांभा, चुना आणि मोडलेल्या गोठ्याचे वासे व मंगलोरी कौले यांतच घर वाढवायचे, हे आधीच ठरवले होते. तो निर्णय आजही योग्य वाटतो. परंतु नवे छप्पर जुन्याला मिळते तिथल्या पन्हळीने जो मनस्ताप दिला, तो सविस्तर सांगितलाच पाहिजे.

खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो आणि उघड्यावर टणक होत जातो, म्हणून तो आम्ही आदला उन्हाळाभर अंगणात रचून ठेवला होता. कौले एकेक वाजवून निवडली. खणखणीत वाजले तेवढेच वर गेले. नवा पाया थोडा बसणारच, हे लक्षात घेऊन नवी भिंत जुनीत गुंतवली नाही. मे महिन्यातल्या दुपारी खोली खरोखरच गार राहिली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र रात्री आईच्या उशाशी पाणी ठिबकू लागले आणि खाटेवर तपेली ठेवून आम्ही जागत बसलो. भिंतीवर ओल उतरलेली पाहून मी चुन्यालाच दोष दिला. ठेकेदाराने कौले जुनी असल्याचे कारण दिले, दोनदा येऊन चार कौले इकडची तिकडे केली आणि नंतर फोन उचलणे बंद केले. अखेर भर पावसात शिडी लावून वर पाहिले. सहा इंच रुंद पत्र्यात फणसाची पाने दाटली होती आणि दोन्ही पाख्यांचे पाणी फुगून पत्र्याच्या काठावरून आत शिरत होते. वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एवढी अरुंद पन्हळ बसवणे हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे, आणि तिच्यावर वाचले होते जेमतेम 2,500 रुपये!

ऑगस्टमधल्या उघडिपीत शेजारच्या वाडीतल्या सुताराने ती उपटून चौदा इंच रुंद ॲल्युमिनियमची पन्हळ बसवली, दोन्ही काठ कौलांखाली चार-चार इंच वर वळवले आणि उतार वाढवला. खर्च 11,500 रुपये आला. गणपतीत मुसळधार पाऊस झाला, तरी थेंब आला नाही.

चुन्याविषयीचे माझे मतही बदलले. गिलाव्यावरची ओल दिवाळीपर्यंत आपोआप सुकली आणि कुठेही पोपडा धरला नाही; जुन्या ओटीच्या चिऱ्यांवर पूर्वी केलेला सिमेंटचा गिलावा मात्र दरवर्षी फुगतो. तो आता खरवडून तिथेही चुनाच लावणार आहे.

ठेकेदाराचे 15,000 रुपये मी राखून ठेवले होते. त्यातून पन्हळीचा खर्च वजा करून उरलेले 3,500 रुपये सुताराच्या पावतीसह त्याला पाठवले आहेत.