ट्रेटिनॉइन की अ‍ॅडापलीन: दोन्ही जेल लावून झाल्यावर

मुरुमांसाठी डॉक्टरांनी रेटिनॉइड जेल सुचवलं आणि ‘ट्रेटिनॉइन घ्या किंवा अ‍ॅडापलीन, तुम्हाला काय झेपतं ते बघू’ असं म्हणून निवडीचा थोडा भाग तुमच्यावर सोडला, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे. माझ्यावर ती वेळ येऊन गेली. आधी साडेचार महिने ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के जेल लावलं, मग अ‍ॅडापलीन ०.१ टक्के. ते अजून चालू आहे, यावरून माझा कल लक्षात येईलच. पण ट्रेटिनॉइनला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. त्याने काम केलं होतं.

दोन्ही औषधं अ-जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातली. त्वचेच्या छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून जे बूच बसतं ते बसू न देणं, हे त्यांचं मुख्य काम. म्हणजे आज हनुवटीवर ठसठसणाऱ्या मुरुमापेक्षा पुढच्या महिन्यात येऊ घातलेल्या मुरुमासाठी ही जेल असतात. त्यामुळे ती नुसत्या फोडावर टेकवून चालत नाही, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरावी लागतात. फरक दिसायला दोन्हींना साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखेही वाटू शकतात. या बाबतीत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

परिणामाचं म्हणाल, तर ०.१ टक्के अ‍ॅडापलीन जेल आणि ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन जेल यांची समोरासमोर तुलना झालेली आहे. मुरूम कमी करण्यात दोन्ही जवळपास सारखी ठरली, आणि चुरचुर, लाली, साल निघणं हे अ‍ॅडापलीनने कमी झालं. ट्रेटिनॉइन वयाने मोठं आहे. अल्बर्ट क्लिगमन यांच्या कामातून ते मुरुमांवर वापरात आलं आणि अमेरिकेत त्याला १९७१ साली मान्यता मिळाली. अ‍ॅडापलीनला तिथे १९९६ साली मिळाली, आणि २०१६ पासून त्याचं ०.१ टक्के जेल तिथे चिठ्ठीशिवायही मिळतं. चिठ्ठी लागत नाही म्हणून ते सौम्य क्रीम समजून दिवसातून दोनदा थापायचं नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती. ट्रेटिनॉइनच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं की चेहरा धुतल्यावर २० ते ३० मिनिटं थांबा, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या आणि मग लावा. वाचताना ही बाब अगदी किरकोळ वाटते. पण रात्री अकराला तोंड धुऊन पलंगाच्या कडेला अर्धा तास जागं बसून बघा. डोळे मिटायला लागलेले, घड्याळात जेमतेम बारा मिनिटं झालेली, ट्यूब हातात. अशा वेळी दोनच वाटा उरतात: तसंच लावायचं, नाहीतर आजचा दिवस सोडायचा. मी दोन्ही केलं. ओलसर त्वचेवर लावलं त्या रात्री गाल झोंबले. सोडलं त्या रात्री अर्थातच काही झोंबलं नाही, म्हणून सोडण्याची सवय लागत गेली. कॅलेंडरवर लावलेल्या रात्रीची खूण करायचो. तिसऱ्या महिन्यात मोजलं तर ३० पैकी १३ चौकोन कोरे होते.

तोंड संध्याकाळीच धुऊन ठेवावं, असा उपाय कोणी सुचवेल. मीही केला. पण झोपेपर्यंत चेहऱ्यावर घाम आणि तेल येतंच, मग पुन्हा धुवावंसं वाटतं आणि पुन्हा तोच अर्धा तास. ज्यांची रात्र शिस्तीची आहे त्यांना हा जाच वाटणारही नाही. मला वाटला.

अ‍ॅडापलीन लावतानाही त्वचा कोरडीच हवी, त्यात सूट नाही. पण मला चेहरा टॉवेलने टिपून, दात घासून होईपर्यंतचा वेळ पुरतो. ते जेल पाण्याच्या आधाराचं आहे. ट्रेटिनॉइनच्या माझ्या जेलमध्ये अल्कोहोल भरपूर होतं. लावताच गार वाटायचं आणि मागोमाग नाकाच्या कडेला चरचरायचं. अ‍ॅडापलीनच्या पहिल्या पूर्ण महिन्यात कोरे चौकोन तीन निघाले, आणि माझ्या मते माझा चेहरा निवळण्यात औषधांमधल्या फरकापेक्षा या दहा रात्रींचा वाटा मोठा असावा.

जळजळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘थोडी साल निघते, चालायचंच’ म्हणून लोक ती अंगावर काढतात. ट्रेटिनॉइनच्या पाचव्या आठवड्यात माझ्या नाकपुडीच्या खाचेत आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पापुद्रे सुटले. तोंड पुसताना टॉवेलच्या धाग्याला एक पापुद्रा अडकून निघाला आणि खाली गुलाबी, ओलसर कातडी दिसली. ती जागा चार दिवसांत भरली, पण तिथे पडलेला तपकिरी डाग जायला तीन महिने लागले. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेत हे नेहमीचं आहे: मुरूम असो की औषधाची जळजळ, दाह झाला की मागे काळपट डाग राहतो. मुरुमांचे डाग जावेत म्हणून औषध घ्यायचं आणि औषधाचेच डाग घेऊन बसायचं, हे मला फार लागलं. तुमची त्वचा पटकन काळवंडणारी असेल, तर केवळ या कारणासाठीसुद्धा अ‍ॅडापलीनपासून सुरुवात करण्याचा विचार डॉक्टरांसमोर जरूर मांडा.

आणि अशी जळजळ झाली की घरात पडलेलं एखादं ‘आग थांबवणारं’ स्टेरॉइडयुक्त मलम चेहऱ्यावर लावायचा मोह होतो. कृपा करून नको. ते दोन दिवस बरं वाटायला लावतं, पण लावत राहिलं तर त्वचा पातळ करतं आणि स्वतःच मुरूम आणतं. जेल दोन-तीन रात्री बंद ठेवा, साधं मॉइश्चरायझर लावा आणि पुन्हा एक रात्र आड सुरू करा. सूज आली, फोड आले किंवा आग थांबेनाशी झाली, तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरा फरक बेंझॉइल पेरॉक्साइडचा. लाल, पू धरणारे मुरूम असतील तर रेटिनॉइडच्या जोडीला ते बऱ्याचदा दिलं जातं. साधं ट्रेटिनॉइन उजेडाने आणि बेंझॉइल पेरॉक्साइडने निकामी होत जातं, म्हणून एक सकाळी आणि एक रात्री अशी वाटणी करावी लागते. अ‍ॅडापलीन या दोन्हींपुढे टिकतं, इतकं की ते आणि बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच ट्यूबमध्येही मिळतात. मला ही जोडी पुढे लागली, आणि रात्री एकच ट्यूब उघडायची म्हटल्यावर काम अजून सोपं झालं. (बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. उशीला पांढरा अभ्रा घाला.) ट्रेटिनॉइनची सूक्ष्म गोळ्यांत बंद केलेली जेलही आहेत, ती जास्त टिकाऊ आणि कमी झोंबणारी असतात. ती मी वापरलेली नाहीत, त्यामुळे माझी तक्रार साध्या जेलपुरतीच समजा.

ट्रेटिनॉइनच्या बाजूनेही बोलायला हवं. उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्या आणि खरबरीत त्वचा यांवर त्याच्याइतका दीर्घ अभ्यास अ‍ॅडापलीनचा झालेला नाही. तुमचे मुरूम आता मोजकेच उरले असतील, वय तिशीपुढे असेल आणि एका औषधात दोन्ही साधायचं असेल, तर ट्रेटिनॉइनचं पारडं जड होतं. त्याच्या मात्राही अनेक आहेत, डॉक्टरांना हळूहळू चढवत नेता येतं. कोरड्या त्वचेसाठी जेलऐवजी त्याचं क्रीम मागता येतं. मी ते मागितलं असतं तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता. आणि ट्रेटिनॉइन आधीच सुरू असेल, झेपत असेल, चेहरा साफ होत असेल, तर माझं वाचून बदलू नका.

पुढचं दोन्हींना लागू आहे. पूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढं जेल पुरतं. मी कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर चार ठिपके देतो आणि तिथून पसरवतो. डोळ्यांभोवती, ओठांवर, नाकपुडीच्या खाचेत नाही. त्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यांत आता मी आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवतो, म्हणजे पसरवताना जेल तिथे सरकलं तरी मुरत नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड. स्क्रब, सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, ग्लायकोलिक अ‍ॅसिड हे सगळं या काळात बाजूला. जेल लावलेल्या भागावर वॅक्सिंग नको, कातडी सोलून निघते. सकाळी एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, ढगाळ दिवशीही.

गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर या दोनांत निवड करत बसू नका. दोन्ही टाळायची असतात. डॉक्टरांना आधी सांगा, ते अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडसारखा वेगळा मार्ग देतात.

मुरूम गेल्यावर जेल लगेच बंद करायचं नसतं, हे मला उशिरा कळलं. दिसेनासे झाले तरी छिद्रांत बुचं बसण्याची प्रवृत्ती तशीच असते, म्हणून डॉक्टर बरेच महिने ते चालू ठेवायला सांगतात. सध्या मी आठवड्यातून चार रात्री लावतो. कॅलेंडरवरच्या खुणा मात्र सोडलेल्या नाहीत. तपासणीला जाताना त्याचा फोटो घेऊन जातो, म्हणजे ‘औषध लागू पडत नाही’ की ‘लावलंच जात नाही’, हे डॉक्टरांना पहिल्या मिनिटातच कळतं.