नॉर्थ मेलबर्नची मेंबरशिप: एक अख्खा मोसम वापरून झाल्यावर

नॉर्थ मेलबर्न हा इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब. घाईत असलेल्यांसाठी गुण आधीच देऊन टाकतो. स्टेडियममधला अनुभव 5 पैकी 4. संघाचा खेळ 5 पैकी दीड, आणि त्या दीडातला एक हॅरी शीझल या एकट्या खेळाडूचा. बाकी खाली वाचा, लांबलचक आहे.

मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना ही मेंबरशिप, म्हणजे क्लबचे सामने बघायचं मोसमी तिकीट, काय भानगड आहे ते थोडक्यात सांगतो. इथे ऑफिसात पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, "तू कुणाचा?" म्हणजे फुटीमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये) कुठल्या क्लबचा. "कुणाचाच नाही" म्हटलं की समोरचा लगेच आपला क्लब तुमच्या गळ्यात बांधायला बघतो. एएफएल या मुख्य लीगचे 18 क्लब, त्यातले निम्मे एकट्या मेलबर्न शहरातले. लोक पिढ्यानपिढ्या आजोबांचाच क्लब चालवतात. आपल्याला आजोबांकडून असलं काही आलेलं नसल्यामुळे निवड मोकळी असते. मी नॉर्थ घेतला तो सोयीसाठी. टार्नेटहून ट्रेनने सदर्न क्रॉसला उतरायचं, पूल ओलांडायचा, की समोर डॉकलंड्सचं मार्वल स्टेडियम. वर छप्पर बंद होतं, त्यामुळे जुलैच्या पावसाशी आणि थंडीशी देणंघेणं नाही. शिवाय क्लब छोटा, म्हणून चांगल्या सीटसाठी वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट नाही. अर्डन स्ट्रीटवर, क्लबच्या मुख्यालयात, 'द हडल' नावाचं केंद्र आहे. बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी ते 2010 पासून काम करतं, त्यामुळे आपल्यासारखे चेहरे या क्लबला नवे नाहीत. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्कार्फही मुलाला आवडला.

खेळ दोन ओळींत: क्रिकेटच्या मैदानाएवढं लंबगोल मैदान, एका बाजूला 18 खेळाडू, ऑफसाइड नाही, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून किक गेली तर गोल, म्हणजे 6 गुण. थोडक्यात हुकून बाजूच्या फटीतून गेली तरी 1 गुण मिळतो. नेम चुकला तरी काहीतरी हातात देणारा हा खेळ मला पहिल्याच दिवशी आवडला होता.

आता मूळ मुद्दा. क्लब 1869 सालचा, मोठ्या लीगमध्ये 1925 पासून. विजेतेपदं चार: 1975, 1977, 1996, 1999. शेवटची फायनल्स सिरीज (मोसमाअखेर टेबलातल्या वरच्या संघांची बाद फेरी) खेळला ती 2016 मध्ये. 2020 ते 2025 या सहा मोसमांतले क्रमांक ओळीने लिहितो: 17, 18, 18, 17, 17, 16. क्लबचा समर्थक या आकड्यांना 'आलेख वर चाललाय' म्हणू शकतो, आणि म्हणतोही. दोन वर्षांना एक पायरी या हिशोबाने पहिल्या आठात पोहोचायला 2041 उजाडेल.

2025 चा मोसम मी जवळून पाहिला. सुरुवात फसवी होती. दुसऱ्याच फेरीत मेलबर्न क्लबला 59 गुणांनी धुतलं. त्या दिवशी स्टेडियममधून बाहेर पडताना अनोळखी लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि मला वाटलं, हे तर स्वस्तात पडलं. पुढे ॲडलेड, सिडनी, गोल्ड कोस्ट अशी पराभवांची रांग लागली. गुड फ्रायडेला कार्ल्टनकडून 80 हून जास्त गुणांनी मार खाल्ला. गुड फ्रायडेला फुटी खेळवायची प्रथा 2017 मध्ये सुरू झाली ती नॉर्थच्याच सामन्याने. क्लबसाठी तो वर्षातला मिरवायचा दिवस, सगळं राज्य टीव्हीसमोर, आणि आपला संघ तिसऱ्या क्वार्टरला घरी गेल्यासारखा.

गंमत अशी की हा संघ सरळ वाईटही नाही. सरळ वाईट असता तर लोक केव्हाच शांत झाले असते. मे महिना बघा. आधी एसेंडनकडून फक्त 3 गुणांनी हरले, आणि पुढच्याच फेरीत होबार्टला गतविजेत्या ब्रिस्बेनशी बरोबरी केली. जूनमध्ये त्याच कार्ल्टनला 11 गुणांनी हरवलं. मग जुलैत जीलाँगने 101 गुणांनी चेचलं. त्यात जेरेमी कॅमेरॉन या एकट्या पठ्ठ्याने 11 गोल केले. एका माणसाने 11! तिसऱ्या-चौथ्या गोलनंतर त्याच्या अंगाला चिकटून उभं राहायला कुणी का जात नाही, हा प्रश्न माझ्या दहा वर्षांच्या मुलालाही पडला होता. मोसमाअखेर 23 सामन्यांत 5 विजय, 1 बरोबरी. त्या पाचांतले दोन रिचमंडवर आणि एक वेस्ट कोस्टवर, म्हणजे टेबलात आपल्याही खाली असलेल्यांवर.

बिघाड नेमका कुठे आहे? मधल्या भागात माणसं आहेत. ट्रिस्टन झेरीसारखा रुकमन आहे, तो उडी मारून चेंडू आपल्या बाजूला पाडतो आणि खाली आल्यावर टॅकलही करतो. लूक डेव्हिस-युनियाके चेंडू घेऊन सुटला की बघत राहावं. शीझलने तर 2023 मध्ये पहिल्याच वर्षी रायझिंग स्टार हा सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कारही घेतला आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पुढे निक लार्की उभा आहे. 2023 मध्ये संघ फक्त 3 सामने जिंकला तरी या माणसाने 71 गोल केले होते. चेंडू हातात असेपर्यंत सगळं ठीक. तो एकदा निसटला, की समोरचा संघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणाचाही धक्का न लागता पळत जातो. आपले मिडफिल्डर पुढे गेलेले असतात, ते मागे धावत येत नाहीत, आणि बॅकलाइनमधली (बचावफळीतली) मुलं दोघा-दोघांना तोंड देत उभी. लोक हरण्यावर तेवढे चिडत नाहीत, या मागे न धावण्यावर चिडतात. गर्दीतली सगळ्यात कडू गोष्ट म्हणजे उपरोधिक टाळ्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये 50 गुणांनी मागे असताना कुणीतरी एक टॅकल नीट केला की अख्खा स्टँड असा जल्लोष करतो, जणू कप जिंकलाय. शिव्या परवडल्या.

आणि मग तो शब्द येतो: रिबिल्ड, म्हणजे संघ मोडून नव्याने बांधणं. पुण्या-मुंबईत ज्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेलीय त्यांना हे वेगळं समजवायला नको. जुनी इमारत पाडली, कारण पाया खचला होता. बरोबरच केलं. 2016 च्या शेवटी ब्रेंट हार्वेसकट चार ज्येष्ठ खेळाडूंना एकदम निरोप दिला, तेव्हा पाडकामाचा आवाज अख्ख्या शहराला ऐकू गेला. त्यानंतर बिल्डर बदलत राहिले. 2019 च्या मध्यात ब्रॅड स्कॉट गेला, मग ऱ्हाइस शॉ, मग डेव्हिड नोबल, मधल्या मधे हंगामी माणसं, आणि 2023 पासून ॲलिस्टर क्लार्कसन. याने हॉथॉर्नला 2008, 2013, 2014 आणि 2015 अशी चार विजेतेपदं मिळवून दिलेली, म्हणजे गावातला सगळ्यात नावाजलेला बिल्डर. लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. माल तर ढीगभर आला: 2021 च्या ड्राफ्टचा (नवे खेळाडू क्लबांना वाटणारी निवड, तळाच्या क्लबला आधी संधी) पहिला पिक जेसन हॉर्न-फ्रान्सिस, 2022 चे तिसरा आणि चौथा, 2023 चे दुसरा आणि चौथा, 2024 चा दुसरा. हॉर्न-फ्रान्सिस एकच मोसम खेळून पोर्ट ॲडलेडला निघून गेला, ती खपली लोक अजून काढतात. 2025 साठी ल्यूक पार्कर, जॅक डार्लिंग, केलेब डॅनियल असे अनुभवी लोकही आणले. सगळं सामान प्लॉटवर पडलंय, आणि ताबा कधी विचारलं की उत्तर एकच: पुढच्या दिवाळीला.

धीर धरा म्हणणाऱ्यांकडेही दाखले आहेत, आणि ते खोटे नाहीत. ब्रिस्बेन 2017 मध्ये तळाला होतं. आज 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, तेही तेव्हाच्याच क्रिस फॅगन या कोचच्या हाताखाली. पण फॅगन हॉथॉर्नमध्ये क्लार्कसनबरोबरच होता. आणि 2008 च्या विजेत्या हॉथॉर्नचा कॅप्टन सॅम मिचेल 2022 मध्ये त्याच क्लबचा कोच झाला. त्याने संघ मोडून नव्याने बांधला आणि 2025 मध्ये प्रिलिमिनरी फायनलपर्यंत (ग्रँड फायनलच्या आधीच्या फेरीपर्यंत) नेला. गुरूच्या शाळेतली मुलं बाहेर जाऊन पास होताहेत आणि गुरूचा स्वतःचा वर्ग नापास, हे नॉर्थवाल्यांना फार झोंबतं. ब्रिस्बेन तळापासून पहिल्या चारात दोन वर्षांत गेलं होतं, आपण क्लार्कसनबरोबर तीन वर्षं काढून 16 वे. माझं मत विचाराल तर कोच बदलून आता काही होणार नाही. चार कोच वापरून झालेत. मागे धावणारे दोन कडक मिडफिल्डर आणि एक आडदांड डिफेंडर मिळाला तर यातलेच चार-पाच पराभव उलटतील. पण हे मी सोफ्यावरून बोलतोय.

शेजारच्या सीटवर एक आजोबा असतात. त्यांच्याकडून कळलं की 1994 ते 2000 अशी सलग सात वर्षं हा क्लब प्रिलिमिनरी फायनल खेळत होता. वेन कॅरी कॅप्टन, डेनिस पेगन कोच, दोन विजेतेपदं. त्यांची नात साधारण पंधराची असेल, तिला संघ फायनल्स खेळताना पाहिल्याचं आठवतच नाही. आजोबा हरल्यावर गप्प होतात, नात मोबाइल काढते. मोठ्याने ओरडतात ते मधल्या वयाचे, चाळिशी-पन्नाशीतले, म्हणजे ज्यांनी 1999 चा कप तरुणपणी पाहिला ते. 2023 मध्ये सलग 20 सामने हरणं, 2024 च्या जूनमध्ये कॉलिंगवूडविरुद्ध 54 गुणांची आघाडी घालवून 1 गुणाने हरणं, हे सगळं त्यांना तारीखवार पाठ आहे. कॉलिंगवूडचा विषय निघालाच तर शेवटच्या मिनिटात न मिळालेल्या 50 मीटरच्या पेनल्टीवर (चेंडू 50 मीटर पुढे नेऊ देणारी शिक्षा) अर्धा तास धरून चला.

घेण्याआधी एक गोष्ट मात्र नीट वाचा. 'घरचे' सामने सगळे घरी नसतात. क्लबने 2012 पासून बरीच वर्षं काही सामने टास्मानियातल्या होबार्टला नेले, आणि 2025 पासून त्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाची भर पडली. बनबरी आणि पर्थ, म्हणजे अडीच हजार किलोमीटरहून दूर. पॅकेजच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे फसवणूक नाही. कारणही सरळ आहे: छोटा क्लब, पैसे लागतात. 2007 मध्ये लीगने गोल्ड कोस्टला स्थलांतराचा प्रस्ताव ठेवला होता तो सभासदांच्या जोरावर क्लबने नाकारला. तेव्हा जे इथेच राहण्यासाठी भांडले, त्यांना आता स्वतःच्या संघाचा घरचा सामना टीव्हीवर पाहताना काय वाटत असेल, याचा अंदाज करा. तरीही मेंबरशिप 50 हजारांच्या आसपास टिकून आहे. तळाच्या क्लबला हा आकडा सोपा नाही.

आता या खरेदीतला सगळ्यात चांगला भाग, जो मला विकत घेताना माहीतही नव्हता: महिलांचा संघ. तोच क्लब, तेच पट्टे, तेच अर्डन स्ट्रीट. 2023 मध्ये ग्रँड फायनल ब्रिस्बेनकडून हरले. 2024 मध्ये त्याच ब्रिस्बेनला हरवून विजेते. 2025 मध्ये पुन्हा तेच. या दोन्ही मोसमांत एकही पराभव नाही. कोच डॅरन क्रॉकर हा याच क्लबचा जुना खेळाडू, 1996 च्या विजेत्या संघातला. जॅस्मिन गार्नर कशी खेळते ते एकदा बघाच. चेंडू हातातून गेला की पहिली तीच मागे वळून धावते, आणि मग तिच्यामागे बाकी सगळ्या. पुरुषांच्या सामन्यात सगळा हंगाम जे बघायला मिळालं नाही ते ऑगस्टपासून दर आठवड्याला दिसायला लागलं. तिकीट स्वस्त, लहान मुलांना फुकट, मैदान छोटं, खेळाडूंचे आवाज ऐकू येतात. आमच्या घरी आता मुलाच्या खोलीत भिंतीवर पोस्टर आहे ते गार्नरचं. क्लबला कसं जिंकायचं ते माहीत नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही. म्हणूनच पुरुषांच्या संघावरचा राग उलट वाढलाय.

तर घ्यावी कुणी? टार्नेट, पॉइंट कुक, वेरिबी भागात राहत असाल, मुलं शाळेत जाणारी असतील, तर तीन सामन्यांचं छोटं पॅकेज घ्या आणि उरलेले पैसे महिलांच्या सामन्यांवर घाला. आयपीएलमध्ये दरवर्षी टेबलात वर असलेली टीम धरायची सवय असेल तर हॉथॉर्न किंवा ब्रिस्बेन बघा, इकडे फिरकू नका. मी 2026 साठी नूतनीकरण केलंय. बायकोने कारण विचारलं, मी शीझलचं नाव सांगितलं, ती म्हणाली एकाच माणसासाठी एवढे पैसे? मुद्दा बिनतोड होता, पण तोवर पैसे भरून झाले होते.

सीट निवडताना शेवटचा सल्ला. मार्वलच्या तिसऱ्या मजल्यावरून सगळं मैदान नकाशासारखं दिसतं, खेळ समजून घ्यायचा असेल तर तीच जागा उत्तम. पण तिथून बॅकलाइन कशी उघडी पडते, कोण मागे धावत नाही, हेही गोल व्हायच्या दहा सेकंद आधीच दिसतं. ब्लडप्रेशर असेल तर तळमजल्यावर खांबांच्या मागे बसा, तिथे निदान गोल झाल्यावरच कळतं.