नेल: वेब वाचून शिकणारी प्रणाली नागपूरच्या कामाची आहे का?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ‘वेबवरून आपोआप माहिती गोळा करणे’ असला प्रोजेक्ट घेणार असाल, तर कोड लिहायला बसण्याआधी नेल (नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्निंग) नीट पाहून घ्या. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने ती जानेवारी २०१० मध्ये सुरू केली. शहर, नदी, कंपनी असे शेकडो वर्ग, प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणं आणि सुमारे ५० कोटी इंग्रजी पानं देऊन तिला रात्रंदिवस वाचत ठेवलं; वाचून तिने ‘अमुक हे शहर’ अशा नोंदी जमवायच्या.

वाचणारे भाग चार. एक ‘अमुकसारखी शहरं’ अशा शब्दरचना पकडतो, दुसरा पानांवरच्या याद्या नि तक्ते उपसतो, तिसरा नावाची ठेवण बघतो, चौथा जमलेल्या नोंदींतून नियम काढतो. एकाची खात्री ०.९ च्या वर गेली किंवा अनेकांचं जुळलं, तरच नोंद पक्की. शिवाय ‘जे शहर ते माणूस नाही’ अशी बंधनं. खरी करामत या बंधनांतच आहे. शब्दरचना काय, कोणीही पकडतं.

तरी घसरण होतेच. ब्राउझरच्या कुकीज बेकरीच्या मालात जाऊन बसल्या, मग ‘कुकीज डिलीट केल्या’वरून फाइलीही त्याच बरणीत! चुकलेली नोंद पुढच्या फेरीला उदाहरण म्हणून वापरली जाते. पहिल्या ६७ दिवसांतल्या २,४२,४५३ नोंदींची अंदाजे अचूकता ७४ टक्के निघाली; पण सुरुवातीच्या फेऱ्यांत ती ९० होती, शेवटच्या टप्प्यात ५७. माणूस तपासणीला बसवायचा तो पहिल्या फेऱ्यांनाच.

आपल्याकडे गोची वेगळीच. वर्धा नदीही आहे, शहरही, जिल्हाही. ‘नदी असेल तर शहर नाही’ लावलं की खरी नोंद बाद. म्हणून नाव आणि वस्तू वेगळ्या ठेवा: वर्धा-नदी, वर्धा-शहर. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. जुनी पानं वाचली की तेही पक्कं होऊन बसेल, त्यामुळे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे रकाने हवेतच. मराठी पानं वाचायची तर नागपूर, नागपुरात, नागपूरला हे सगळं एकच गाव, हे आधी शिकवावं लागेल. नागपुरातली सीताबर्डी आणि नुसतं बर्डी यांचंही तेच. आणि एकच मजकूर दहा साइटींनी उचललेला असेल तर ती साक्ष एकच धरा.

नेलच्या नोंदींची फाइल टॅबने विभागलेली असते. ती एक्सेलमध्ये उघडू नका, १०,४८,५७६ ओळींपुढचं तिथे बसत नाही; पायथनने तुकडे करून वाचा. संभाव्यतेचा रकाना बघाच, पण स्रोताचा रकाना जास्त बोलतो: एकाच भागाच्या भरवशावरच्या नोंदी सरळ बाजूला काढा.

अभ्यासाला उत्तम, पाचपैकी चार. स्पर्धा परीक्षेच्या सामान्य ज्ञानासाठी मात्र हिच्या वाट्याला जाऊ नका.