बॅकअपसाठी डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू आणि इम्गबर्न: ऑफिसात वापरून सांगतेय

निकाल आधी सांगते, कारणं मागून. अकाउंट्सचं छोटं ऑफिस असेल, टॅलीचा डेटा, रिटर्नच्या पीडीएफ आणि स्कॅन केलेली बिलं एवढाच पसारा असेल तर चांगल्यापैकी डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू (पुसून परत परत लिहिता येणारी डिस्क), एक यूएसबी रायटर आणि इम्गबर्न हे डिस्क लिहिणारं फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यात काम भागतं आणि छान भागतं. "आता डीव्हीडी कोण वापरतं?" असं हमखास विचारलं जातं. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, घुसला की कॉम्प्युटरला जोडलेली हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, सिंकवर ठेवलेलं फोल्डर सगळं एका झटक्यात लॉक करून टाकतो, पण कपाटात ठेवलेल्या डिस्कला तो काही करू शकत नाही, आणि क्लायंटचे हिशेब ज्याच्या भरवशावर आहेत त्याला हे कारण पुरेसं आहे.

डिस्क घेताना प्लस आणि मायनस नीट बघून घ्या, दुकानदार "सगळं एकच आहे" म्हणून हातात ठेवतो. मायनस आरडब्ल्यू परत वापरायची तर साधारणपणे आधी पुसावी लागते, प्लसला एकदा फॉरमॅट झालं की जुन्यावर सरळ नवीन लिहिलं जातं, आणि दर आठवड्याला बॅकअप घेणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. पाकिटावर ४.७ जीबी असतं आणि विंडोजमध्ये ४.३७ च्या आसपास दिसतं, त्यात फसवणूक काही नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. ४एक्स वेगाची डिस्क पूर्ण भरायला जेमतेम १५ मिनिटं. अशा डिस्कवर साधारण १००० वेळा लिहिता येतं असं सांगतात पण मी तेवढी वाट बघत नाही, कडेला बारीक चरे दिसायला लागले किंवा व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) एकदा जरी अडखळलं की ती डिस्क बाद.

आणि नुसत्या ब्रँडवर जाऊ नका. एकाच नावाच्या दोन पाकिटांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघू शकतो, तो ओळखायचा तर डिस्क रायटरमध्ये टाकून इम्गबर्नच्या उजव्या बाजूच्या माहितीत डिस्क आयडी बघायचा, तिथे बनवणाऱ्याचा खरा कोड दिसतो. व्हर्बॅटिमच्या प्लस आरडब्ल्यूचा मला चांगला अनुभव आहे, त्यावर एमकेएमने सुरू होणारा कोड दिसला की मी निश्चिंत असते. त्याआधी स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या एका कंपनीची थप्पी आणली होती, तिच्या डिस्क आतल्या भागात व्यवस्थित चालायच्या आणि बाहेरच्या कडेला आलं की व्हेरिफायला मान टाकायच्या, म्हणजे डिस्क भरत आली की शेवटच्या फायली गेल्याच समजा.

आता सॉफ्टवेअर. इम्गबर्नची शेवटची आवृत्ती २.५.८.०, ती २०१३ ची, म्हणून लोक नाकं मुरडतात पण काम चोख करतं. (इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत सुटू नका, सोबत आणखी काही टाकायला विचारतंय का ते वाचा, आणि डाउनलोड कुठून करताय तेही बघा.) लिहून झालं की ट्रे बाहेर येतो आणि परत आत जाऊन मग तपासणी सुरू होते, लॅपटॉपवाल्या चपट्या रायटरला तो ट्रे आपण हाताने आत ढकलायचा असतो, ते न करता चहाला गेलात तर मेसेज तसाच स्क्रीनवर उभा. नंतर एकेक सेक्टर वाचून ताडून बघतं आणि सगळं जुळलं तरच यशस्वी म्हणून सांगतं. व्हेरिफायच्या चौकोनातली खूण कधीही काढू नका, घाई असेल तर बॅकअप संध्याकाळी घ्या पण व्हेरिफाय करूनच घ्या. आणि टॅली बंद करून मगच फोल्डर कॉपी करा.

मराठीत फायलींची नावं ठेवणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, ही कुणी सांगत नाही. डिस्कवर फायली मांडायच्या जॉलिएट आणि यूडीएफ अशा पद्धती आहेत, त्यातल्या जॉलिएटमध्ये नावाला ६४ अक्षरांची मर्यादा असते आणि आपल्या काना-मात्रा, हलंत सगळे वेगवेगळे मोजले जातात, म्हणजे डोळ्यांना एकाच जोडाक्षराचा दिसणारा "स्त्री" तिथे ६ जागा खातो. "श्रीकृष्ण ट्रेडर्स खरेदी बिले" एवढ्यालाच २९ जागा लागतात, त्यापुढे आणखी शब्द जोडत गेलात तर नाव कापलं जाऊ शकतं, तेव्हा यूडीएफ ठेवा किंवा नावं आटोपशीर करा.

विंडोज स्वतः विचारतं की डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची का, त्याला नाही म्हणा. फायली एकेक करून टाकायच्या-काढायच्या त्या पद्धतीत मध्येच लाइट गेली की डिस्क अर्धवट राहते आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडेल याची खात्री नाही. तसंच स्वतःच्या खास फॉरमॅटमध्ये बॅकअप कोंडणारी सॉफ्टवेअरं नकोत. असंच एक नावाजलेलं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं, कॉम्प्युटर बदलल्यावर जुना बॅकअप उघडायला तीच आवृत्ती परत शोधत बसायची वेळ आली. साधी फाइल साधीच ठेवा, फार तर सेव्हन-झिपने पासवर्ड लावून बांधा, क्लायंटचा पॅन-आधार आत असतो. लिनक्सवाल्यांना डिस्क लिहायला केथ्रीबी आहे, तेही व्हेरिफाय करतं.

पण रीरायटेबल डिस्क ही फिरत्या बॅकअपसाठीच. मी तीन डिस्क आळीपाळीने फिरवते, त्यातली एक घरी असते. ऑडिट संपलं, वर्ष बंद झालं की तो डेटा एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर दोन प्रतींत जातो, कारण कंपनी कायद्याप्रमाणे पुस्तकं ८ वर्षं सांभाळावी लागतात आणि चुकून ओव्हरराइट होऊ शकणाऱ्या डिस्कवर ती ठेवणं मला पटत नाही. डिस्कवर स्टिकर चिकटवू नका, पाण्याच्या शाईच्या मार्करने वरच्या बाजूला तारीख लिहा, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

माल हल्ली कमी मिळतो हे खरं. आपल्याकडची डिस्क बनवणारी मोझर बेअर २०१८ मध्येच बुडाली, सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं थांबवलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर प्लस आरडब्ल्यू निघते, पण सीलबंद पाकीट घ्या आणि पहिली डिस्क पूर्ण भरून, व्हेरिफाय करून बघितल्याशिवाय दुसरं पाकीट घेऊ नका.