डिस्ने वर्ल्डचा वार्षिक पास: वर्ष भरत आल्यावरचा अनुभव

आम्ही टॅम्पाला राहतो. ऑर्लँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आमच्या घरापासून साधारण ११० किलोमीटरवर आहे. आय-४ हा महामार्ग मोकळा मिळाला तर सव्वा तासात पोचतो, पण तो मोकळा मिळणं कठीण. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांचे ‘पिक्सी डस्ट’ पास काढले. डिस्नेच्या चार वार्षिक पासांमधला हा सगळ्यात स्वस्त आणि फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळणारा. आता नूतनीकरण करायचं की नाही ते ठरवायचंय. शिवाय पुण्या-मुंबईहून येणारे नातेवाईक आणि न्यू जर्सीतले मित्र सतत विचारत असतात की एवढे पैसे घालावेत का. म्हणून एकदा नीट, सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. हा पास २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा ३९९ डॉलरला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ४६९ झाला. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, पण त्यापुढे पासाला लहान-मोठा भेद नाही. आमच्या सहा वर्षांच्या लेकीलाही तेवढेच पैसे पडले. चौघांचे मिळून, कर धरून, दोन हजार डॉलरच्या आसपास. रहिवाशांना बिनव्याजी मासिक हप्त्यांची सोय आहे, ती आम्ही घेतली. तेव्हा एरवी दिवसाला ३० डॉलर पडणारं पार्किंग पासात येतं. एका दिवसाचं सगळ्यात स्वस्त तिकीट ११९ डॉलरचं होतं, म्हणजे वर्षात चार वेळा गेलं की पास फिटतो. आमचा तर कधीच फिटला. कागदावर पैसे वसूल झाले, हे मी मोकळेपणाने सांगते.

पण पास सोमवार ते शुक्रवारच चालतो. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि वसंतातल्या सुट्टीच्या गर्दीच्या दिवसांना तो बंद. म्हणजे मुलांच्या शाळेला सुट्टी असते नेमके तेच दिवस यातून वगळलेले. शाळकरी मुलं असलेल्या घराच्या वाट्याला उरतात उन्हाळ्यातले मधले वार. फ्लोरिडाचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी दहालाच अंगाला कपडे चिकटतात, आणि दुपारी आभाळ भरून विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. ते थांबवणं योग्यच आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, पण दिवसातला तो तास-दीड तास गेलाच म्हणून समजायचं.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो संध्याकाळचा. पासधारकांना उद्यानाचं आरक्षण आधी करावं लागतं, मात्र मधल्या वारी दुपारी दोननंतर ते लागत नाही. शाळा सुटल्यावर निघायचं, गाडीतच धपाटे आणि दही खायचं, दोन-तीन राइड, मग आतषबाजी पाहून परत. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेची बरणी किंवा दारू चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी असं सगळं नेलंय. खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. चौघांच्या जेवणाचे पैसे असे वाचले नाहीत तर या पासाचं गणित पार बदलतं. ऑगस्टच्या मध्यापासून मात्र या संध्याकाळी कमी होत जातात. हॅलोविनच्या पार्ट्या तेव्हापासूनच सुरू होतात. त्यांचं तिकीट वेगळं, माणशी शंभर डॉलरच्या वर, आणि त्या रात्री मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे डिस्ने वर्ल्डच्या चार उद्यानांपैकी एकात, बाकीच्यांसाठी सहालाच दिवस संपतो. त्यानंतर नाताळच्या पार्ट्यांचंही तसंच. संध्याकाळच्या भरवशावर पास घेणाऱ्यांनी हे कॅलेंडर आधी बघावं.

आता मुख्य मुद्दा. तिकीट महाग झालं, याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. महागाई सगळीकडेच आहे. मला खटकतं ते हे, की जे एका तिकिटात सगळ्यांना सारखं मिळायचं ते एकेक करून सुटं काढलं गेलं आणि आता वेगळं विकलं जातं.

१९७१ मध्ये मॅजिक किंगडम उघडलं तेव्हा आत जायला साडेतीन डॉलर पडत. आजच्या किमतीत ते २८ डॉलरच्या आसपास भरतात. हा आकडा दाखवून लोक हळहळतात, पण तेव्हा राइडची कुपनं वेगळी घ्यावी लागत, ए पासून ई पर्यंत दर्ज्यांची. १९८२ मध्ये ती पद्धत गेली आणि एका तिकिटात सगळ्या राइड आल्या. १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आला, रांगेत उभं न राहता ठरलेल्या वेळी यायची चिठ्ठी. तोही फुकट आणि सगळ्यांना. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं अशी होती की फाटकातून आत शिरल्यावर कोट्यधीश असो की ट्रक ड्रायव्हर, दोघांची मुलं एकाच नियमाने खेळत. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या जागी ‘जिनी प्लस’ आलं, माणशी दिवसाला १५ डॉलर. मग दर तारखेप्रमाणे बदलू लागले आणि गर्दीच्या दिवसांत मॅजिक किंगडममध्ये ३९ डॉलरपर्यंत गेले. २०२४ च्या जुलैत त्याचं नाव ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ झालं; लायटनिंग लेन म्हणजे पैसे भरणाऱ्यांची वेगळी, लवकर सरकणारी रांग. सगळ्यात लोकप्रिय राइड त्यातही नाहीत, त्यांचे पैसे आणखी वेगळे. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर ‘प्रीमियर पास’ आला: एका उद्यानातल्या लायटनिंग लेनच्या प्रत्येक राइडला एकदा रांगेशिवाय जायचं, कुठल्याही वेळी, माणशी १२९ ते ४४९ डॉलर. हे तिकिटाच्या वर. वरच्या दराने चौघांचे १,७९६ डॉलर होतात. कर सोडला तर आमच्या चौघांच्या वर्षभराच्या पासांना १,८७६ पडले होते. एक कुटुंब वर्षभर येण्यासाठी जेवढं मोजतं, जवळजवळ तेवढंच दुसरं कुटुंब एका दिवसाची रांग टाळायला मोजतं.

कुणी म्हणेल, ज्यांना परवडतं त्यांनी द्यावेत, तुमचं काय जातं? जातं. राइडमध्ये तासाला किती माणसं बसणार हे यंत्राने ठरलेलं असतं. दोन रांगा पुढे एका जागी मिळतात आणि तिथला कर्मचारी पैसे भरलेल्या रांगेला आधी सोडतो. त्या रांगेला दिलेली प्रत्येक जागा साध्या रांगेतून वजा होते. म्हणजे घाई विकायची तर आधी थांबणं लांबवावं लागतं. कंपनी तसा हेतू ठेवते असं मी म्हणत नाही, पण व्यवस्थेचा परिणाम तोच आहे. मुलांना हे मोठ्यांच्या आधी कळतं. लेकीने विचारलं की ती मुलं पुढे का गेली, तेव्हा मी तिला खरं ते सांगितलं, की त्यांच्या आईबाबांनी जास्त पैसे दिलेत. ती गप्प झाली. सहाव्या वर्षी खेळाच्या जागी हा धडा मिळायला नको होता, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट फोनची. मल्टी पास घ्यायचा तर डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना सात दिवस आधी बुकिंग करता येतं, बाकीच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला. मग उद्यानात एक राइड झाली की पुढची शोधा, वेळ बदलते का बघा. कुटुंबातला एक मोठा माणूस दिवसभर ॲपमध्ये मान घालून असतो. आम्ही वर्षभरात लायटनिंग लेन घेतली नाही, आणि मला त्याची जराही खंत नाही. मोठ्या कोस्टरचा मुलाचा हट्ट एखाद्या पावसाळी संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर पुरा व्हायचा.

फेब्रुवारीत सांगलीहून सासूबाई-सासरे आले. त्यांना आमचा हा रहिवाशांचा पास मिळण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे तारखेची तिकिटं काढली. “ज्येष्ठांना निम्मं असेल की गं,” बाबा म्हणाले. एसटीत पासष्टीनंतर अर्धं आणि पंचाहत्तरीनंतर पूर्ण माफ, ही सवय. इथे ज्येष्ठांना कसलीही सवलत नाही. ज्यांना गुडघ्यामुळे एकाही कोस्टरमध्ये बसायचं नाही त्यांनाही तेवढंच तिकीट.

आणि तरीही ते दोन दिवस आमच्या वर्षातले सगळ्यात चांगले दिवस होते. मॅजिक किंगडमला जायला तळ्यातून फेरीबोट असते, तिकिटात धरलेली. आईंना तीच इतकी आवडली की परतीलाही मोनोरेल नको म्हणाल्या. ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हा १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातून आलेला फिरता रंगमंच, एका कुटुंबाच्या घरात वीज कशी आली ते दाखवणारा. आईंना भाषा निम्मी कळली, घर मात्र पूर्ण कळलं. बाबांची हयात साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली. ‘लिबर्टी बेल’ या बोटीवर खरा बॉयलर आणि खरं वाफेचं इंजिन होतं, मागचं चाक वाफेवर फिरायचं. बाबा संपूर्ण फेरी खालच्या डेकवर इंजिनाशी उभे होते आणि नातवाला दाब, झडप, दांडा समजावून सांगत होते. दुसऱ्या दिवशी ॲनिमल किंगडमच्या आशिया भागातलं आनंदपूर हे काल्पनिक गाव, तिथल्या रंगवलेल्या पाट्या, टांगलेल्या पताका बघून आई हरखल्या. वाघ दिसेपर्यंत काचेपाशी थांबल्या. या कशालाही जास्तीचे पैसे लागले नाहीत, रांगही फारशी नव्हती.

‘लिबर्टी बेल’ ६ जुलै २०२५ ला शेवटची फिरली. तो नदीचा अख्खा भाग आणि टॉम सॉयर बेट कायमचं बंद झालं, तिथे ‘कार्स’ या चित्रपटावर आधारलेला विभाग होणार आहे. ‘मपेट व्हिजन’ हा बाहुल्यांचा खेळ जूनमध्ये बंद झाला. ‘बिग थंडर माउंटन’ ही कोस्टर जानेवारी २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद होती, ती २०२६ शिवाय उघडणार नव्हती. ॲनिमल किंगडममधला डायनोसॉरचा विभागही टप्प्याटप्प्याने आवरला गेला. डिस्नेने २०२३ मध्ये दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलंय, त्यातलंच हे काम, आणि नवं चांगलं होईलही. पण आज येणाऱ्या माणसाला कमी राइड, बांधकामाभोवतीचे जास्त पत्रे आणि वाढलेला दर मिळतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात डिस्नेच्या उद्यानं-क्रूझ वगैरे विभागाचा कार्यकारी नफा नऊ अब्ज डॉलरहून अधिक होता. बांधकामाच्या काळात तिकिटात सूट देणं अशा कंपनीला जड नव्हतं. संथ, बसून बघायच्या, आजी-आजोबांसकट सगळ्यांनी एकत्र जायच्या गोष्टी जाऊन त्या जागी लायटनिंग लेन लावता येईल अशा राइड येत आहेत, याचं मला जास्त वाईट वाटतं. न्याय्य बाजूही सांगते: जुलै २०२५ पासून सुरू झालेली रात्रीची ‘स्टारलाइट’ मिरवणूक सुंदर आहे आणि सगळ्यांसाठी आहे.

भारतातून येणाऱ्यांसाठी चित्र आणखी कठीण आहे. विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलात नेणारी फुकट बस २००५ पासून होती, ती २०२१ बरोबर संपली. हॉटेलात मिळणारे फुकट मॅजिकबँड, म्हणजे तिकीट आणि खोलीच्या किल्लीचं काम करणारे मनगटी पट्टे, तेही गेले. २०२५ च्या नाताळात मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट १९९ डॉलर होतं. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना जेमतेम पाच डॉलर कमी, दहावं लागलं की पूर्ण. चौघांचे जवळजवळ ८००, त्यात मल्टी पास, पार्किंग, कर धरला की हजार डॉलर गाठतात. डॉलरला ८५ रुपये धरले तरी एका दिवसाचे ८५ हजार, जेवण आणि हॉटेल सोडून.

आम्ही नूतनीकरण करणार नाही. मुलांशी बोलून ठरवलंय. या हिवाळ्यात ब्लू स्प्रिंग या झऱ्यावर जाऊ: गाडीमागे सहा डॉलर, पाण्याचं तापमान वर्षभर २२ अंश, म्हणून थंडीत मॅनेटी नावाचे अजस्र, शांत पाणप्राणी तिथे शेकडोंनी येतात. विकी वाची तर आमच्यापासून तासाभरावर आहे. तिथल्या झऱ्यात १९४७ पासून जलपऱ्यांचे पाण्याखालचे खेळ होतात. मोठ्यांना १३ आणि मुलांना ८ डॉलर, खेळ त्यातच आला. लेक आत्तापासून त्यासाठी मागे लागली आहे.

ज्यांना आयुष्यात एकदा डिस्ने बघायचंच आहे त्यांनी जरूर बघावं, मी अडवणार नाही. सुट्टी जुळवता आली तर जानेवारीअखेरचा किंवा सप्टेंबरातला मधला वार घ्या. चार उद्यानांचं तिकीट घेऊ नका, मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम असे दोनच दिवस ठेवा, मध्ये एक दिवस विश्रांती. सकाळी दार उघडायच्या आधी पोचा आणि मोठ्या राइड पहिल्या दोन तासांत उरका. बरोबर वडीलधारे असतील तर फेरीबोट, कॅरोसेल आणि आनंदपूर चुकवू नका. लायटनिंग लेनचे पैसे मुलांच्या नावाने बाजूला ठेवा, त्यात झऱ्यांवरचे दोन दिवस आरामात होतात.